दसरा काढताना भिंत पुसताय? आधी भिंतीवर रंग कोणता ते बघा!

सातारा : गणपतीचं विसर्जन झालं की जिल्ह्यातल्या गावोगावी 'दसरा काढायची' लगबग सुरू होते. वाकळा, गोधड्या, चादरी धुवायला नदीवर नाहीतर बोअरच्या पाण्यावर जातात. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, डबे उन्हात पडतात. घटस्थापनेच्या आत घर लख्ख झालं पाहिजे, हा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता आहे. या सगळ्या धावपळीत भिंतींची पाळी शेवटी येते. मग हाताला लागेल ते फडकं, बादलीत मूठभर धुण्याची पावडर आणि जोर लावून घासणं सुरू होतं. नेमका इथंच घात होतो.

सकाळी बशीएवढा डाग पुसायला घेतलेला असतो आणि दुपारी भिंत वाळल्यावर तिथं परातीएवढा फिकट पट्टा दिसतो. डाग गेलेला असतो, पण त्याच्याबरोबर रंगही गेलेला असतो. ऊसबिलाच्या किंवा सोयाबीनच्या पैशातून नाहीतर भिशीतून रंगवलेली खोली पुन्हा रंगवायची वेळ येते. 10 बाय 12 फुटांची आणि 10 फूट उंचीची साधी खोली धरली, तरी दारं-खिडक्यांसह भिंतींचं क्षेत्र 440 चौरस फूट भरतं. आपल्या गावात रंगाऱ्याचा चौरस फुटाचा जो दर असेल, त्याला 440 ने गुणलं की एका चुकीच्या फडक्याची किंमत कळते.

मळामुळे भिंतीचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं चुकीच्या पद्धतीने साफ केल्यामुळे होतं. त्यामुळे पाणी लावायच्या आधी एकच गोष्ट बघायची असते, ती म्हणजे भिंतीवर रंग कोणता आहे.

रंग निघतो तो का?

भिंतीच्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंग देणारी पूड, खडूसारखा भराव आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. या चिकट पदार्थालाच रंगाच्या धंद्यात बाइंडर म्हणतात. स्वस्त रंगात भराव जास्त आणि बाइंडर कमी असतो, म्हणून तो हाताला लागतो. महागड्या रंगात बाइंडर जास्त असतो, म्हणून तो ओलं फडकं सहन करतो. पाणी, सोडा आणि घासणी या तिन्हींचा मारा शेवटी या बाइंडरवरच होतो.

दुसरं नुकसान रंग न निघताही होतं. चमक नसलेला, म्हणजे मॅट रंग डोळ्यांना मऊ दिसतो, कारण त्याचा पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो आणि उजेड सगळीकडे विखुरला जातो. एकाच जागी जोरात घासलं की हा खडबडीतपणा सपाट होतो. मग त्या जागी चकचकीत पट्टा दिसू लागतो. रंग तिथंच असतो, पण खिडकीतून तिरका उजेड आला की तो पट्टा लांबून डोळ्यांत भरतो. असा पट्टा नंतर कितीही पुसला तरी जात नाही.

आपल्याकडच्या भिंतींवर असतात हे पाच रंग

चुना : जुनी घरं, गोठा, माजघर, देवळाच्या ओवऱ्या अशा ठिकाणी आजही चुन्याचा हात दिला जातो. त्यात थोडी नीळ घातलेली असते. पाठ टेकली की कपड्याला पांढरं लागतं. ही भिंत ओल्या फडक्याने पुसायची नसतेच. मऊ कुंच्याने धूळ झटकायची आणि डाग असेल तिथं पुन्हा चुन्याचा हात द्यायचा. लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड तर अजिबात लावू नये. वाळलेला चुना आंबट पदार्थात विरघळतो आणि थर खाल्ला जातो.

साधा डिस्टेंपर : पूड पाण्यात कालवून लावला जाणारा हा जुना रंग. यात खडूची पूड भरपूर असते आणि धरून ठेवणारी ताकद थोडी असते. ओला हात लागला की डाग पसरतो. याला फक्त कोरडी झटकणी चालते.

ऑइल बाऊंड किंवा ॲक्रिलिक डिस्टेंपर : ग्रामीण भागातल्या आरसीसी घरांत हा रंग भरपूर दिसतो. चांगलं पिळलेलं ओलसर फडकं तो सहन करतो, पण एकाच जागी वारंवार घासलं की पूड सुटायला लागते. दुकानात 'वॉशेबल' म्हणून मिळालेला डिस्टेंपर असला, तरी त्याचा अर्थ 'पुसता येतो' एवढाच घ्यायचा.

प्लास्टिक पेंट किंवा इमल्शन : हा धुण्याजोगा रंग. त्यातही चमक असलेला प्रकार जास्त सोसतो आणि मॅट प्रकार कमी. नवीन रंग दिल्यावर निदान तीन-चार आठवडे तरी तो ओल्या फडक्याने पुसू नये. हाताला कोरडा लागला तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला त्याला वेळ लागतो.

ऑइल पेंट : स्वयंपाकघरात, जिन्याला, शाळेत किंवा दवाखान्यात खालच्या तीन-चार फुटांच्या पट्ट्याला हा चमकदार रंग देतात. पाच प्रकारांत सगळ्यात टणक हाच. मात्र धुण्याचा सोडा, रॉकेल किंवा थिनर याने त्याचीही चमक मरते आणि थर मऊ पडतो.

ओळखायचं कसं?

रंगाचा डबा ठेवलेला असेल तर प्रश्नच नाही. डब्यावर नाव असतं. डबा नसेल तर दाराच्या मागे किंवा कपाटाआड, जिथं कुणाचं लक्ष जात नाही अशी जागा निवडायची आणि दोन साध्या परीक्षा करायच्या.

पहिली परीक्षा कोरडी. तळहात भिंतीवर फिरवायचा. हाताला पांढरी किंवा रंगीत पूड लागली, तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर समजायचा आणि पाण्याचा विचार सोडून द्यायचा.

दुसरी परीक्षा ओली. पांढरं सुती फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि त्याच आडोशाच्या जागी हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवायचं. फडक्यावर भिंतीचा रंग उतरला तर थांबायचं. किंचितसा उतरला तर तो डिस्टेंपर असण्याची शक्यता जास्त, फक्त ओलसर फडक्याने टिपायचं. काहीच उतरलं नाही तर इमल्शन किंवा ऑइल पेंट. नखाने टकटक केल्यावर गुळगुळीत, कडक आणि चमकदार लागला तर ऑइल पेंट.

ही परीक्षा झाली की लगेच निकाल लावायचा नाही. जागा पूर्ण वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बाजूने बघायचं. ओली भिंत नेहमी चांगलीच दिसते. पट्टा, चमक किंवा फिकटपणा वाळल्यावरच कळतो.

काय घ्यायचं, काय नाही?

लागणारं सामान सगळ्यांच्या घरात असतं. दोन बादल्या, जुन्या धोतराची किंवा बनियनची पांढरी सुती फडकी, एक मऊ स्पंज, लांब काठी आणि भांडी घासायचं लिक्विड. पाच लिटर पाण्यात चहाचा एक चमचा लिक्विड पुरतं. जास्त फेस झाला म्हणजे जास्त स्वच्छता होते असं नाही. उलट राहिलेला साबण चिकट होतो आणि त्याच्यावर पुढच्या महिन्यात दुप्पट धूळ बसते.

फडकं पांढरंच का? जुन्या रंगीत साडीचा किंवा नव्या कापडाचा रंग ओल्या भिंतीवर उतरू शकतो. शिवाय भिंतीचा रंग सुटायला लागला तर तो पांढऱ्या फडक्यावर लगेच दिसतो आणि वेळीच थांबता येतं.

टाळायच्या गोष्टींची यादी मात्र मोठी आहे. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, तो रंगाची चमक खातो. भांड्यांची पांढरी पावडर आणि तारेची किंवा हिरवी घासणी बारीक ओरखडे पाडते. फरशीचं ॲसिड भिंतीला लावायचंच नसतं. रॉकेल आणि थिनर रंग मऊ करतात, चुलीजवळ तर आगीलाही आमंत्रण देतात. बाजारात मिळणारा 'जादूचा' पांढरा स्पंज म्हणजेही एक प्रकारचा अतिबारीक पॉलिश पेपरच असतो. चमकदार रंगावर तो जपून चालतो, मॅट रंगावर चकाकी आणतो.

पुसायची रीत

सुरुवात नेहमी कोरड्या सफाईने करायची. काठीला मऊ कापड बांधून आधी छत, मग कोपरे आणि मग भिंत, असं वरून खाली जळमटं आणि धूळ काढायची. धूळ न काढता पाणी लावलं तर तिचा चिखल होतो आणि तो रंगाच्या बारीक छिद्रांत बसतो. चुना आणि साध्या डिस्टेंपरच्या भिंतीचं काम इथंच संपतं.

धुण्याजोगी भिंत असेल तर पुढचं काम उलट्या दिशेने, म्हणजे खालून वर करायचं. पुष्कळ जण वरून सुरुवात करतात. मग मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर येतात, रंग ते पाणी पटकन पितो आणि ओघळाची खूण राहते. खालचा भाग आधीच ओलसर असेल तर वरून आलेला ओघळ सहज पुसला जातो.

एका वेळी दोन-तीन फुटांचा चौकोन घ्यायचा. एका बादलीत साबणाचं पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधं. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून इतकं पिळायचं की एक थेंबही गळता कामा नये. हलक्या हाताने पुसायचं, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढायचा आणि शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. पाणी गढूळ झालं की बदलायचं. मळक्या पाण्याने पुसणं म्हणजे एका कोपऱ्यातला मळ दुसऱ्या कोपऱ्यात नेणं.

भिंत अर्धी पुसून जेवायला जाऊ नये. पुसलेल्या आणि न पुसलेल्या भागाच्या मध्ये रेघ उमटते. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक भिंत एका दमात संपवायची.

ज्या गावांत बोअरचं पाणी क्षाराचं आहे, तिथं कोरडं टिपणं विसरायचं नाही. भांड्यावर जसे पांढरे डाग पडतात, तसे गडद रंगाच्या भिंतीवरही पडतात. माण-खटावसारख्या पाण्याची ओढ असलेल्या भागात तर कोरड्या सफाईवरच भर दिलेला बरा. फुफाटा आणि रस्त्याची धूळ कोरड्या कापडानेच जास्त चांगली निघते आणि पाणीही वाचतं.

डाग कसला आहे, त्यावर उपाय

चुलीची आणि समईची काजळी : काजळी ओली केली की शाईसारखी पसरते. म्हणून आधी कोरडा स्पंज किंवा कोरडं कापड भिंतीवर टेकवायचं आणि उचलायचं. घासायचं नाही. कापडाची काळी झालेली बाजू दर वेळी बदलायची. सुटी काजळी निघाल्यावर, रंग धुण्याजोगा असेल तरच कोमट साबणाचं पाणी लावायचं. देव्हाऱ्याच्या मागची भिंत आणि उदबत्तीचा धूर बसलेली जागा यांनाही हीच रीत. उसाच्या हंगामात पाचट जाळल्यावर जी काळी राख घरात उडून येते, तीही आधी कोरडीच काढायची.

फोडणीचा चिकटा : गॅसच्या मागच्या भिंतीवर तेलाची वाफ आणि धूळ यांचा थर बसतो. कोमट साबणाच्या पाण्याचं फडकं दोन-तीन मिनिटं नुसतं टेकवून धरायचं. चिकटा मऊ झाला की तो जोर न लावता निघतो. एकदा न निघाल्यास दुसऱ्यांदा टेकवायचं, पण घासणी घ्यायची नाही.

डोक्याच्या तेलाचे डाग : खाटेच्या किंवा दिवाणाच्या बाजूला भिंतीवर डोकं टेकून बसायची सवय घरोघरी असते. डाग ताजा असेल तर टाल्कम पावडर हलकेच चोपडून रात्रभर ठेवायची, ती तेल शोषते. सकाळी मऊ ब्रशने झटकून गरज असेल तर साबणाच्या पाण्याने टिपायचं. डिस्टेंपरमध्ये मुरलेलं जुनं तेल मात्र निघत नाही. त्यावर नुसता रंग दिला तरी डाग वर येतो. आधी प्रायमरचा हात द्यावा लागतो.

हळद : लग्नघरातल्या भिंतीवर हळदीचे हात हमखास उमटतात. या डागाला साबण किंवा सोडा लावला की पिवळा डाग एकदम लालसर होतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. हळदीचा रंग अल्कलीच्या संगतीत लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. म्हणून हळदीच्या डागाला साधं पाणी लावून टिपायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. हळदीचा रंग उजेडाने, विशेषतः उन्हाने, हळूहळू उडतो. सगळा नाही गेला तरी फिकट होतो.

डासाचं रक्त : भिंतीवर डास मारला की लाल ठिपका राहतो. त्याला गार पाणीच लावायचं. गरम पाण्याने रक्त घट्ट होऊन भिंतीला धरतं.

मुलांची चित्रकला : पेन्सिलीच्या रेघा शाळेच्या मऊ खोडरबराने जातात. खोडरबर पांढरा घ्यावा, रंगीत नको. मेणाच्या खडूला साबणाचं कोमट पाणी थोडा वेळ टेकवून धरावं. बॉलपेनसाठी पुष्कळ जण सॅनिटायझर किंवा स्पिरिट चोळतात. शाई विरघळते हे खरं, पण इमल्शनही मऊ पडतं. लावायचंच असेल तर कानातल्या कापसाच्या काडीने फक्त रेघेवर, तेही आधी आडोशाला करून बघून.

चिकटपट्टीचे डाग : जुन्या दिनदर्शिका आणि पोस्टर ओढून काढले की रंगाचा पापुद्राच निघतो. कोमट ओलसर फडकं काही वेळ धरून पट्टी मऊ करायची आणि भिंतीला समांतर, हळूहळू मागे दुमडत काढायची.

पाटण-जावळीकडे बुरशी, कालव्याकाठी लोणा

जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत चार महिने भिंती धड वाळत नाहीत. पावसाळा सरता सरता कपाटामागे आणि कोपऱ्यांत काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. ही बुरशी असते. ती कोरड्या झाडूने झटकली तर तिची बारीक पूड घरभर उडते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून, खिडक्या उघडून, ओलसर साबणाच्या फडक्याने ती टिपून घ्यायची आणि फडकं लगेच धुऊन उन्हात टाकायचं किंवा फेकून द्यायचं. भिंत पूर्ण वाळवायची. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवले तर मागे हवा खेळती राहते.

मात्र कौलं फुटली आहेत, स्लॅब गळतोय किंवा बाहेरच्या भिंतीला तडा आहे, असं असेल तर बुरशी पुसून काही उपयोग नाही. पाणी येतं तिथं दुरुस्ती केल्याशिवाय ती पुढच्या महिन्यात पुन्हा हजर होते.

नदीकाठच्या आणि कालव्याखालच्या गावांत वेगळीच तक्रार असते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग फुगतो, पांढरी पूड सुटते. याला लोणा लागणं म्हणतात. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतो. ही पूड ओल्या फडक्याने पुसली की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो आणि वाळल्यावर परत वर येतो. म्हणून लोणा कोरड्या ब्रशनेच काढायचा, खाली कागद अंथरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. लोणा झाकायला त्यावर ऑइल पेंट मारणं ही सगळ्यात महाग चूक आहे. ओल आत कोंडते आणि काही महिन्यांत फोड येऊन रंगाचे पोपडे पडतात.

शाळेच्या बोलक्या भिंती

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि अंगणवाड्यांत मुळाक्षरं, पाढे, नकाशे, प्राणी-पक्षी काढलेल्या बोलक्या भिंती असतात. गावाने वर्गणी काढून किंवा शिक्षकांनी स्वतः राबून त्या रंगवलेल्या असतात. मुलांचे हात लागून त्या खालच्या बाजूला काळपट होतात. 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या आधी सफाईच्या उत्साहात त्यांच्यावर पाण्याची नळी सोडली जाते, पावडर टाकून खराट्याने घासलं जातं आणि 'क्ष'चं शेपूट नाहीतर नकाशातला अख्खा तालुका पुसला जातो.

या भिंतींवर बऱ्याचदा दोन वेगळे रंग असतात. खाली पार्श्वभूमीचा एक आणि वर चित्रांचा दुसरा. त्यामुळे परीक्षा दोन्ही रंगांवर वेगवेगळी करायची. अक्षरांच्या कडेवर फडकं आडवं-उभं रगडायचं नाही, नुसतं टिपायचं. खडूची धूळ बसलेली असते, ती रोजच्या रोज कोरड्या कापडाने निघते. महिन्याला एकदा अशी कोरडी सफाई झाली तर वर्षातून एकदाही भिंत धुवायची वेळ येत नाही.

जिवाशी खेळ नको

भिंत खराब झाली तर पुन्हा रंगवता येते. काही चुका मात्र थेट जिवावर बेततात.

विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात टाकायची टीसीएल पावडर गावात सहज मिळते. बुरशीवर ती किंवा ब्लीच लावण्याची पद्धत आहे. रंग फिका पडण्याचा धोका असतोच, पण खरा धोका वेगळा आहे. टीसीएल किंवा ब्लीच आणि फरशीचं अथवा संडासाचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो फुफ्फुसांना इजा करतो. 'दोन्ही मिसळून जास्त लख्ख निघेल' असा प्रयोग कधीही करू नये. दोन्हीसाठी एकच बादली किंवा एकच फडकंही वापरू नये. डोळे आणि घसा चुरचुरायला लागला तर सगळं तिथंच टाकून आधी मोकळ्या हवेत यायचं. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

बटणांच्या बोर्डाभोवती पुसण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि भिंत वाळेपर्यंत चालू करायचा नाही. बोर्डावर पाणी शिंपडायचं नाही. ओल धरलेल्या भिंतीत करंट उतरल्यासारखं वाटलं, झिणझिण्या आल्या, तर सफाई थांबवून आधी वायरमनला बोलवायचं.

जुन्या ऑइल पेंटची गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते. पूर्वीच्या रंगांत शिसं वापरलं जायचं. केंद्र सरकारने 2016 मध्ये नियम करून घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 90 भाग, अशी मर्यादा घातली. ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या भिंती, दारं आणि खिडक्या यांत शिसं असू शकतं. रंग धड असेल तर पुसायला हरकत नाही. पण पोपडे निघत असलेला जुना रंग कोरडा खरवडला किंवा पॉलिश पेपरने घासला, तर शिशाची धूळ घरात पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा वाईट परिणाम होतो आणि रांगणारी मुलं जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतात. म्हणून असा रंग ओल्या फडक्याने हलकेच टिपायचा, पडलेले पोपडे ओल्या कापडात गोळा करायचे, फरशी ओली पुसायची आणि तोवर पोरांना शेजारी पाठवायचं.

चुन्याचा हात देताना डोळ्यांना काहीतरी आडोसा हवाच. डोळ्यात चुना उडाला तर चोळायचं नाही. भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

पुसायचं की रंगवायचं?

काही भिंती पुसण्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. रंग फुगला आहे, हात लावला की पापुद्रे पडतात, सगळीकडे पूड सुटते किंवा मुरलेल्या तेलाचे मोठे डाग आहेत, तर पुसण्यात वेळ घालवू नये. बाकी बहुतेक भिंतींना चांगली झटकणी आणि ओलसर फडकं एवढ्यावर आणखी दोन-तीन वर्षं ढकलता येतं.

एखाद्या जागी रंग निघालाच, तर तेवढ्याच जागेला रंगाचा ठिगळ लावू नये. जुना रंग उजेडाने थोडा उतरलेला असतो, त्यामुळे त्याच डब्यातला रंगही वेगळा उठून दिसतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण एक भिंत रंगवली तर फरक कळत नाही. यासाठी रंगकाम झाल्यावर उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवावा. डब्यावर कोणत्या खोलीचा, कोणत्या साली दिलेला आणि शेडचा नंबर काय, हे लिहून ठेवलं की पुढच्या दसऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी भिंत पुसायला काढू नये, हाही एक सोपा नियम. आडोशाच्या जागी परीक्षा करून ती वाळायला एक दिवस लागतो आणि पुसलेली भिंत पूर्ण सुकायला आणखी एक. वाकळा धुवायला निघतात त्याच दिवशी दाराआडच्या भिंतीवर पांढरं फडकं आठ-दहा वेळा फिरवून ठेवलं, तर गोधड्या वाळून घरात येईपर्यंत भिंतीचा निकालही कळलेला असतो.